लाभ सोडून अठ्ठावीस

तारेचं टोक खाचेतून बाहेर आलं तसं प्रतिभाने ते चिमटीत धरलं आणि ओढायला सुरुवात केली. हातावर हात टाकत ती ओढत राहिली. पायाशी लाल तारेचं भेंडोळं साचत गेलं. पलीकडून समाधान "बस" म्हणाला तेव्हा तिने टोक पुन्हा शोधलं, खडूने खूण केलेल्या दुसऱ्या खाचेत घातलं आणि त्याच्याकडे परत ढकललं.

"एक," ती म्हणाली.

पलीकडे तार ओढली गेली नाही.

दोघांच्या मध्ये, दोन लाकडी ठोकळ्यांवर, हातभर लांबीचं लोखंडी नळकांडं आडवं ठेवलेलं होतं. बोअरवेलमध्ये सोडायच्या मोटरीचा हा बाहेरचा, न फिरणारा भाग. आतून पोकळ, आणि पोकळीच्या कडेने चोवीस खाचा; दोन-दोन खाचांत मिळून तारेचं एक वेटोळं, म्हणजे कॉइल, अशा बारा. या खाचांमधून तार अलीकडून पलीकडे आणि पलीकडून अलीकडे ओवायची, म्हणून दोन माणसं लागत. एक या तोंडाशी, एक त्या. पोकळीतून पाहिलं की समोरच्या माणसाचा चेहरा गोलात बसवल्यासारखा दिसे. आत्ता त्या गोलात समाधानचं कपाळ आणि घामाने भिजलेल्या भुवया होत्या.

"ताई, एक नका बोलू. पहिल्याला लाभ बोला."

प्रतिभाला आठवलं. आजोबा धान्यमंडीत मापारी होते. पोत्यात पहिलं माप टाकताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आजोबांची ही सवय बाबांनी तारेच्या फेऱ्यांना लावली होती.

"लाभ," ती म्हणाली.

तार सरकली. पुन्हा तिच्याकडे आली, पुन्हा भेंडोळं साचलं, पुन्हा परत गेली.

"दोन."

तार पुन्हा थांबली.

"एक, ताई."

"लाभ झाला ना? मग दोन."

"लाभ बोलायचा, मोजायचा नाही." समाधान थकल्या आवाजात म्हणाला. बाबांचा कारीगर, पन्नाशीचा माणूस होता, सकाळपासून त्याने पाणीही प्यायलं नव्हतं. "लाभ, मग एक, मग दोन. आपल्या दुकानात असंच आहे."

प्रतिभाने गुडघ्यावरचा हात उचलून कपाळ पुसलं. बाबांना जाऊन आज सोळावा दिवस. पंधरा दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बसली होती, तेच सांगत: सकाळी दुकान उघडलं, खुर्चीत बसले, समाधान चहा घेऊन आला तेव्हा गेलेले होते. त्रास झाला नाही. हो, वय सत्तर. हो, मी नाशिकला होते. काल शेवटचे पाहुणे गेले. रविवारी दुकानाची चावी जागेच्या मालकाला द्यायची आणि सोमवारपासून बारावीच्या उन्हाळी वर्गांवर हजर व्हायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. दुकान रिकामं करायला म्हणून ती सकाळी सिंधीपुऱ्यात आली, तर पायरीवर धुरपदाबाई बसलेली होती.

धुरपदाबाई धूलकोटहून पहिल्या बसने आली होती. साठीची, काटक, डोक्यावर ओला पंचा. आत ठोकळ्यांवर पडलेली मोटर तिची होती. बाबांनी जळालेली जुनी तार काढून, खाचा साफ करून, त्यात नवा कागद घालून ठेवला होता. तार भरायची तेवढी राहिली होती.

तिने प्रतिभाला आधी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग डोळे पुसून म्हणाली, "तुहा बाप चांगला होता माय. पण जायच्या आधी माही मोटर तं भरून द्यायची होती त्यानं."

समाधानला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. प्रतिभालाही आलं असतं. सोळा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बाबांबद्दल तक्रार केली होती.

तिची अडचण तिने मोजक्या शब्दांत सांगितली. केळी आता निसवायला आलीत, घड बाहेर पडायच्या बेतात. शेजाऱ्याने त्याच्या बोअरवरून पंधरा दिवस पाणी दिलं. आता त्याच्याही बागेला दिवसाआड पुरेना. खालची पानं गेलीच आहेत, परवापर्यंत पाणी सुरू झालं नाही तर वरचीही जातील आणि वर्षाचं पीक उभं वाळेल. शहरातल्या बाकीच्या वाइंडिंगवाल्यांकडे ती काल फिरून आली. मे महिना. प्रत्येकाच्या दारात दहा-दहा मोटरी. आठवडा लागेल, म्हणाले.

समाधान म्हणाला, दोन दिवसांत होईल, पण समोर बसायला माणूस पाहिजे. समोर भाऊ बसत. बाबांना तो भाऊ म्हणे.

त्याने प्रतिभाकडे पाहिलं नव्हतं. तरी ती पाटावर जाऊन बसली.

"हे काय लिहिलंय?" आता तिने विचारलं. मोटरीला तारेने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा तिने उलटा केला. बाबांचं तिरकं, दाबून काढलेलं अक्षर. *धुरपदाबाई, धूलकोट. साडेसात एचपी. ला. २८.*

"लाभ सोडून अठ्ठावीस."

"म्हणजे एकोणतीस."

"हो."

"जुन्या तारेचे किती निघाले होते?"

"कंपनीचे अठ्ठावीस."

"मग एकोणतीस कशाला?"

समाधानने गोलातून तिच्याकडे पाहिलं. "मला काय पता, ताई. मी आलो तेव्हापासून असंच आहे. दोन हजार एकपासून. एक फेरा जास्ती टाकला तर लोड थोडा कमी ओढते, पण गरम होत नाही. भाऊच्या मोटरी जळत नाहीत, लोक त्यासाठीच तर येतात इकडे."

प्रतिभाने मनात आकडेमोड केली. त्यात चूक नव्हती. फेरा वाढला की चुंबकाचा जोर थोडा उतरतो, ओढही उतरते. पण कंपनीने मोजून दिलेला आकडा होता, आणि आकडा आकडा असतो. वीस वर्षं ती मुलांना हेच सांगत आली होती. शिवाय तिला वाद घालायची ताकद नव्हती, आणि वाद न घालता बरोबर ते करून मोकळं होण्याची घाई होती.

"अठ्ठावीसच भरू," ती म्हणाली. "लाभ म्हणजे एक."

"ठीक आहे," समाधान म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या."

त्यात टोमणा होता की नाही ते कळलं नाही. तार सरकली.

"दोन," ती म्हणाली. मग, "तीन."

एक फेरा पूर्ण व्हायला मिनिटभराहून जास्त लागत होतं. सुरुवातीला तार फार लांब, सगळीच्या सगळी दरवेळी ओढून घ्यावी लागे. फेरे वाढले तसं भेंडोळं लहान होत गेलं. बोटांच्या पेरांना तारेच्या प्लॅस्टिकचा चर बसला. समाधानने तिला पावडरचा डबा सरकवला. तिने हातांना पावडर लावली, आणि तो वास आला.

ती दहा वर्षांची होती. असाच मे. बाबांचा तेव्हाचा कारीगर लग्नाला गेलेला, म्हणून त्यांनी तिला पलीकडे बसवलं होतं. दोन दिवस. पोकळीतून बाबांचा चेहरा दिसायचा, अगदी गोल, फोटोत असतो तसा. घरी ते फारसं बोलत नसत आणि कुणाकडे नीट पाहतही नसत, पण इथे त्यांना समोर पाहावंच लागे. तिने मोठ्याने मोजलं होतं, एकदाही न अडखळता. शेवटची कॉइल झाल्यावर बाबा उठून तिच्या बाजूला आले. बाहेर आलेल्या तारांवरून बोट फिरवत ते काहीतरी पुटपुटत राहिले. एक कॉइल, दुसरी, तिसरी. मग त्यांनी बराच वेळ तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, घरी जा, ऊन वाढतंय. उद्या येऊ नको.

परवाही त्यांनी बोलावलं नाही. त्यानंतर कधीच नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, पलीकडच्या पाटावर कोणी ना कोणी बसत राहिलं. तिने विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं, असं ती स्वतःला सांगत आली. आपल्या हातून होण्यासारखं नव्हतं, त्यांना ते कळलं, संपलं. मग तिने अभ्यास केला, आणि योगायोगाने म्हणा किंवा कसं, विषय तोच घेतला.

"सतरा."

"ताई, सतरा झाले का अठरा?"

"सतरा."

"बरोबर. मी बघत होतो."

अठ्ठावीस झाले तेव्हा समाधानच्या हातात जोडणीपुरती तार उरायला हवी होती. ती त्याहून जास्त उरली, अडीच हात जास्त. तार त्याने नेहमीच्या मापाने कापली होती, भिंतीवर बाबांनी ठोकलेल्या दोन खिळ्यांभोवती गुंडाळून. उरलेल्या तुकड्याकडे त्याने क्षणभर पाहिलं. कापला नाही. गुंडाळी करून मोटरीच्याच कडेला अडकवला आणि म्हणाला, "चहा घेऊ. एवढ्यात मोठी तार मोजतो, दुसऱ्या कॉइलची."

चहा दुकानातच व्हायचा. कोपऱ्यातल्या फळीवर विजेची सपाट काळी शेगडी होती. प्रतिभानेच चार वर्षांपूर्वी घरासाठी पाठवली होती. बाबांनी ती इथे आणून ठेवली. समाधानने पातेल्याच्या बुडाला एक चुंबक लावून पाहिला, चिकटला तसं पातेलं शेगडीवर ठेवलं. ही सवयही बाबांचीच असावी, कारण पातेलं एकच होतं आणि ते रोजचंच होतं.

धुरपदाबाई पायरीवरून आत येऊन बसली आणि शेगडीकडे बघत राहिली.

"जाळ नाही, लाल होणारी तार नाही. मंग तापते कशी ते?"

"लागण होते, मावशी," समाधान म्हणाला. "भाऊ तेच बोलायचे. खालच्याची वरच्याला लागण."

प्रतिभाने मान वर केली.

एमएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा शेगडी नव्हती, मोटर होती. बाहेरच्या तारेत वीज सोडली की आतला दांडा फिरतो, पण त्या दांड्याला तर एकही तार जोडलेली नसते. तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात? ती म्हणाली, विद्युतचुंबकीय प्रवर्तन. त्यांनी तो शब्द एकदा हळूच म्हणून पाहिला. मग म्हणाले, एवढं मोठं? आम्ही लागण म्हणतो. हात न लावता एकाचं दुसऱ्याला लागतं. ती हसली होती. तिला वाटलं होतं, चुकीचा शब्द आहे. आजारासाठी वापरतात तो.

"तू मास्तरीण ना," धुरपदाबाई तिला म्हणाली. "तू सांग बरं. हा समाधान मले येडी समजते."

प्रतिभाने कपातला चहा बाजूला ठेवला. वर्गात ती हे सांगायची तेव्हा टेबलावर तारेचं वेटोळं असायचं, हातात चुंबक. इथे दोन्ही होतं.

"या काचेखाली तारेचं वेटोळं आहे," ती म्हणाली. "त्यातली वीज एकसारखी नसते, सारखी इकडून तिकडे उलटत राहते. त्यामुळे तिच्याभोवतीचं चुंबकाचं बळ पण बदलत राहतं. ते बदललं की वरच्या पातेल्याच्या लोखंडात आपोआप वीज फिरायला लागते, आणि लोखंड तापतं. मधे काही जोडलेलं नाही. तुमच्या मोटरीतही तेच. चौकातल्या डीपीतही तेच, दोन वेटोळी शेजारी-शेजारी."

"आन् ते बदललं नाही तं?"

"तर काही होत नाही. वेटोळ्याला मीटर लावून चुंबक आत नुसता धरून ठेवला तर मीटरचा काटा शून्यावर येतो. आत नेताना हलतो, बाहेर काढताना हलतो. मधे ठेवून दिला की नाही."

धुरपदाबाईने विचार केला. "म्हंजे सासूचा पारा चढला का सून आपोआप गरम. मधी तार कुठी असते?"

समाधान या वेळी उघड हसला. प्रतिभाही हसली, आणि मग तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. ती नाशिकहून यायची त्या संध्याकाळी बाबा बोलत. जायच्या दिवशी स्टँडवर बोलत. मधले सहा-सात दिवस दोघं एकाच घरात गप्प असायची, कुणाचं काही बिनसलेलं नसताना. तिने चहा संपवला.

"जुन्या वह्या कुठे आहेत?" तिने विचारलं. "रविवारच्या आत त्या तरी घरी नेऊन ठेवते."

"फळीवर. वरच्या."

वह्या सात होत्या, लांबट, पुठ्ठ्याच्या. पानोपानी मोटरी. मालकाचं नाव, गाव, एचपी, खाचा, तारेची जाडी, फेरे. प्रतिभा पाटावर बसून चाळत राहिली. समाधान भिंतीच्या खिळ्यांभोवती दुसऱ्या कॉइलची तार गुंडाळत होता, धुरपदाबाई पदराने वारा घेत होती. वीज गेली, पंखा थांबला. चौकातून केळीच्या ट्रकांचे आवाज येत राहिले.

अलीकडच्या वह्यांत प्रत्येक आकड्याआधी *ला.* होतं. *ला. ३०. ला. २४. ला. ३६.* तिने मागची वही उघडली. तिच्यातही. त्याच्या मागचीही निम्म्यापर्यंत. मग एका पानापासून उलट जाताना ती अक्षरं संपली. नुसते आकडे. *फेरे ३०. फेरे २६.*

म्हणजे कधीतरी सुरू झालं होतं. ती पानं उलटत पुढे आली आणि पहिलं *ला.* शोधलं. अठ्ठ्याण्णवचा जून. त्या ओळीच्या कडेला समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: *पाहा ९२ मे, डोईफोडिया. येथून पुढे सर्व असेच.*

ब्याण्णवची वही सगळ्यात खाली होती. कडा वाळवीने खाल्लेल्या. मे महिन्याची पानं एकमेकांना चिकटलेली, ती तिने नखाने सोडवली.

*सखाराम, डोईफोडिया. ५ एचपी. खाचा २४. फेरे ३२.*

त्याखाली त्याच निळ्या शाईत:

*प्र. ने मोजले. लाभ धरला नाही, पुढे एकपासून मोजले. बाराही कॉइलींत ३३ झाले. उद्या काढून पुन्हा भरणे.*

शेवटचं वाक्य एका रेघेने खोडलं होतं. खाली लिहिलं होतं: *तिला बोललो नाही. तशीच दिली.*

मग वेगवेगळ्या शायांमध्ये, पान संपेपर्यंत:

*९३. चालू.*

*९५. सखाराम भेटले. चालू, गार राहते म्हणतात.*

*९७. व्होल्टेज वाढून त्या शिवारातल्या बाकीच्या तिन्ही जळाल्या. ही नाही.*

*९८. स्वतः जाऊन टेस्टर लावला. लोड थोडा कमी. चालू.*

टेस्टर खिळ्याला टांगलेला होता, खेकड्याच्या नांगीसारखा उघडणारा. तारेला न चिकटता, तिच्याभोवती नुसता कवटाळून, आतली वीज किती ते सांगणारा. त्याच्या मुठीवरचा काळा रंग बोटांच्या जागी पुसलेला होता.

प्रतिभाला ते आठवलं. आकडे नाही, कारण आठवलं. शाळेत पाटीवर आधी श्री काढायची, मग धडा सुरू व्हायचा. श्री धड्यात धरत नसत. लाभही तसाच असणार, असं तिला वाटलं होतं. आधी देवाचं नाव घेतात तसं. बाबांनी कधी समजावलं नव्हतं, कारण त्यांच्या घरात ते कुणाला समजावावं लागतच नव्हतं. म्हणून ती गोलातल्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, मोठ्याने, चुकता कामा नये म्हणून बोटं आवळून म्हणत राहिली होती: लाभ. एक. दोन. आणि त्यांनी ऐकलं असणार. दोन दिवस ऐकलं असणार. आवाजाच्या नादात त्यांनाही कळलं नसेल, किंवा शेवटी शेवटी कळलं असेल.

तिने पान मिटलं नाही. वही गुडघ्यावर तशीच उघडी ठेवली. मग तिने त्या खोडलेल्या वाक्यावरून बोट फिरवलं. पेराला पडलेल्या चराला कागद खरखरीत लागला.

"मिळालं का काही, ताई?" समाधानने विचारलं.

"जुनं आहे."

"सखाराम डोईफोडियावाले?" तो मान तिरकी करून पानाकडे बघत होता. लांबून त्याला नावच वाचता आलं असावं. "त्यांची एक मोटर होती, भाऊ सगळ्यांना तिचा किस्सा ऐकवायचे. एकोणीस वर्षं चालली बोलायचे. कुणी भरली होती विचारलं तर सांगत नव्हते. बोलायचे, होता एक कारीगर. दोनच दिवस होता."

प्रतिभाने वही मिटली. ती इतर सहा वह्यांवर ठेवली नाही, आपल्या पिशवीत घातली. मग पावडरचा डबा उघडून दोन्ही हातांना पावडर लावली, तळहातांना, पेरांना, अगदी सावकाश, आणि पाट पुढे ओढला.

"समाधानभाऊ, पहिल्या कॉइलची ती उरलेली तार कापली का?"

"नाही अजून."

"मग टोक द्या इकडे. एक फेरा राहिलाय."

पोकळीतून त्याचा चेहरा दिसला. त्याने मोटरीच्या कडेला अडकवलेली गुंडाळी सोडवली, टोक सरळ केलं आणि खाचेत घातलं. टोक तिच्याकडे आलं. ओढायला आता फारसं काही नव्हतं, दोनच हात. तिने ते दुसऱ्या खाचेतून परत पाठवलं. पलीकडे तार घट्ट बसल्याचा बारीक आवाज आला.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

"मघा बी अठ्ठावीसच म्हटलं ना वं तू?" धुरपदाबाई म्हणाली.

"मघाशी चुकलं होतं," प्रतिभा म्हणाली, आणि दुसऱ्या कॉइलचं टोक घ्यायला हात पुढे केला.